सेंट कथबर्ट मार्ग: वाटाड्यासह पायी सहल घेणाऱ्यांसाठी

सेंट कथबर्ट मार्ग हा स्कॉटलंडमधील मेलरोझपासून इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड किनाऱ्यालगतच्या लिंडिसफार्न बेटापर्यंत जाणारा सुमारे १०० किलोमीटरचा पायी मार्ग आहे. तो १९९६ साली आखण्यात आला. सातव्या शतकातले संत कथबर्ट मेलरोझजवळच्या मठात दाखल झाले आणि पुढे लिंडिसफार्नला त्यांनी मठाची धुरा वाहिली. त्यांच्या आयुष्याची ही दोन ठिकाणे मार्गाने जोडली आहेत. वाटेत ईल्डनच्या तीन टेकड्या, जुना रोमन रस्ता, चेव्हियट डोंगरांची कडा आणि शेवटी समुद्र लागतो.

मार्गाची खरी ओढ मात्र संतापेक्षा सरहद्दीची आहे. १२३७च्या यॉर्क तहाने इंग्लंड आणि स्कॉटलंडची हद्द बरीचशी ठरली. १२४९मध्ये दोन्हीकडच्या सरदारांनी मिळून सीमेपुरते वेगळे कायदे लिहून काढले. पुढे प्रत्येक बाजूला पूर्व, मध्य आणि पश्चिम असे तीन सीमाप्रांत झाले आणि त्यांवर सीमारक्षक अधिकारी नेमले गेले. तरीही सोळावे शतक संपेपर्यंत रात्री पलीकडची गुरे हाकून आणणे हा इथल्या कित्येक घराण्यांचा धंदा होता. या लुटारूंना रीव्हर म्हणत. ज्याची गुरे गेली त्याला सहा दिवसांच्या आत, माग काढणारी कुत्री घेऊन आणि भाल्याच्या टोकाला जळते ढेकूळ खोचून, उघडपणे सरहद्द ओलांडण्याचा हक्क असे. मार्गावरच्या सेसफर्डला केर घराण्याच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. या घराण्यातले पुरुष स्कॉटलंडच्या मध्य सीमाप्रांताचे रक्षकही होते आणि लुटीतही पुढे होते. १६०३मध्ये दोन्ही देशांना एकच राजा मिळाला, तेव्हा कुठे हा प्रकार मोडला गेला.

यातले आज डोळ्यांना फार थोडे दिसते. कर्क येटहोम आणि हेथपूल यांच्या दरम्यान प्रत्यक्ष सरहद्द ओलांडली जाते ती गवताळ उतारावरच्या दगडी कुंपणातल्या फाटकातून. येव्हरिंग बेल या टेकडीच्या माथ्यावर लोहयुगातील तटबंदीचे दगड पसरले आहेत, आणि पायथ्याशी सातव्या शतकात नॉर्थम्ब्रियाच्या राजांचा वाडा होता. त्याचा पत्ता १९४९मध्ये विमानातून घेतलेल्या छायाचित्रांमुळे लागला. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला तिथे कुरणच दिसते. म्हणून या मार्गावर वाटाड्याचे काम रस्ता दाखवण्यापुरते नाही. रस्ता खुणांच्या खांबांनी चांगला दाखवलेला आहे. पैसे मोजायचे ते कुरणात वाडा दाखवणाऱ्याला.

सहली दोन प्रकारांनी विकल्या जातात. पहिल्या प्रकारात आयोजक मुक्काम ठरवतो, सामान पुढच्या गावी पोहोचवतो आणि चालणारे नकाशा घेऊन आपापले चालतात. दुसऱ्या प्रकारात वाटाड्या सतत सोबत असतो आणि किंमत बरीच जास्त असते. भारतात विकल्या जाणाऱ्या सहलींत आणखी एक थर येतो: पैसे घेणारा आयोजक इकडचा आणि चालवून नेणारी कंपनी तिकडची. सगळे सुरळीत असते तोवर हा थर जाणवत नाही. बिनसले की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

प्रस्तुत लेखिका ज्या मराठी गटासोबत गेली, त्याच्या माहितीपत्रकात ‘सीमाभागाच्या इतिहासाचे जाणकार मार्गदर्शक’ असे शब्द होते. प्रत्यक्षात आलेला गृहस्थ ऐनवेळी बदली म्हणून पाठवलेला होता आणि हा मार्ग तो पहिल्यांदाच चालत होता. सेसफर्डचा किल्ला ‘एक जुनी इमारत’ म्हणून मागे पडला. कर्क येटहोम ते वूलर हा सुमारे २१ किलोमीटरचा टप्पा, म्हणजे सरहद्द ज्या दिवशी पायांखाली यायची तोच दिवस, ‘डोंगरावर ढग आहेत’ असे सांगून रद्द झाला आणि गटाला बसने वूलरला नेण्यात आले. गटाच्याच निवासात उतरलेले एक वयस्क जोडपे तोच टप्पा चालून संध्याकाळी कोरडे ठणठणीत वूलरला पोहोचले. या जोडप्याचा उल्लेख लेखिकेने पुढे तक्रारीत केला; त्या मुद्द्यावर आजतागायत उत्तर नाही.

ब्रिटनमध्ये डोंगरवाटांवर गट नेणाऱ्यांसाठी माउंटन ट्रेनिंग या संस्थेची प्रमाणपत्रे असतात. सखल वाटांसाठी, टेकड्या-माळरानांसाठी आणि उंच डोंगरांसाठी ती वेगवेगळी आहेत. ‘अनुभवी’ या विशेषणाला काही अर्थ नाही. वाटाड्याकडे कोणते प्रमाणपत्र आहे, हा मार्ग तो आधी चालला आहे का आणि तो आजारी पडल्यास बदली कोण येईल, ही तीन उत्तरे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावीत. तोंडी दिलेली उत्तरे नंतर कोणालाच आठवत नाहीत.

मार्गाचा शेवट त्याच्या सगळ्या लौकिकाचे कारण आहे. मुख्य भूमी आणि लिंडिसफार्न यांच्यामधली वाळू दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. मोटारींसाठी बांधलेला रस्ताही बुडतो. पायी जाणाऱ्यांची जुनी यात्रावाट वाळूतून जाते. सुमारे पाच किलोमीटरची ही वाट उंच खांबांच्या रांगेने दाखवलेली आहे आणि अडकलेल्यांसाठी मध्ये खांबांवर उभारलेल्या आसऱ्याच्या खोल्या आहेत. नॉर्थम्बरलँड काउंटी कौन्सिल रस्ता ओलांडण्याच्या सुरक्षित वेळा आगाऊ प्रसिद्ध करते. या वेळा मोटारींसाठीच्या आहेत. वाळूतून चालणाऱ्याने पाणी ओसरत असतानाच निघावे आणि पूर्ण ओहोटी होईपर्यंत पलीकडे पोहोचावे.

गट किनाऱ्याला पोहोचला तो भर दुपारी, आणि समोर पाणी होते. बुडालेल्या मोटारीचे छायाचित्र लावलेल्या इशाऱ्याच्या फलकाशी सगळे उभे राहिले. वाटाड्याने खांदे उडवले आणि ‘समुद्रापुढे कोणाचे चालते?’ असे म्हटले. पण फलकापाशीच सुरक्षित वेळांचा तक्ता होता. त्या दिवशी वाट मोकळी होती ती सकाळी आणि मग रात्री. दुपार पूर्ण बंद. तारीख माहितीपत्रकात कित्येक महिने आधी छापलेली होती. तक्ताही आधीचाच. आखणी करणाऱ्याने हे दोन कागद कधी शेजारी ठेवून पाहिलेच नव्हते, किंवा पाहूनही सहल तशीच विकली होती. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. तिथीवरून भरतीची वेळ काढणारा कोकणातला कोळी किंवा अलिबागला कुलाब्याच्या किल्ल्यात ओहोटी बघून चालत जाणारा पर्यटक जे सहज ताडतो, ते या धंद्यातल्या दोन कंपन्यांना ताडता आले नाही. संध्याकाळनंतर बसने पंधरा मिनिटांत बेट गाठले गेले. यात्रावाट राहिली ती राहिलीच.

तक्रारीला आलेल्या उत्तरात ‘नैसर्गिक कारणांमुळे कार्यक्रमात बदल’ या कलमाचा आधार घेतला होता. अशा कलमाकडे नीट पाहणे गरजेचे आहे. ब्रिटनच्या २०१८च्या पॅकेज प्रवास नियमांनुसार आयोजकाला नुकसानभरपाईतून सूट मिळते ती टाळता न येणाऱ्या, असाधारण परिस्थितीत. म्हणजे सर्व वाजवी काळजी घेऊनही परिणाम टळला नसता अशा वेळी. अचानक आलेले वादळ त्यात बसते. आधीच प्रसिद्ध झालेली भरती बसत नाही. याच नियमांनुसार सेवा दुसऱ्याकडून करवून घेतली तरी जबाबदारी पॅकेज विकणाऱ्या आयोजकाचीच राहते. मात्र हे नियम ब्रिटनमधल्या आयोजकाकडून घेतलेल्या सहलीला उपयोगी पडतात. सहल भारतात विकत घेतली असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो आणि ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते.

तयारीच्या बाकी सूचना थोडक्यात अशा. चेव्हियट भागासाठी ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल १६ हा नकाशा वाटाड्या असला तरी स्वतःजवळ ठेवावा. लेखिकेच्या गटात तो वाटाड्याकडे नव्हता, प्रवाशांपैकी एकाकडे होता. बूट नवे नसावेत. गवतातल्या गोचिडांमुळे लाइम रोग होऊ शकतो, म्हणून लांब पँट घालावी आणि रात्री अंग तपासावे. गाई-वासरांच्या कळपातून जाताना अंतर ठेवावे. जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत असतो, तेव्हा ‘अंधार होईल’ हे कारण उन्हाळ्यात ऐकून घेऊ नये. अपघातात ९९९ किंवा ११२ लावून पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागावे.

काही बिघडले तर त्याच दिवशी आयोजकाला लेखी कळवावे; दोन ओळींचा संदेशही पुरतो. तक्ते, फलक, रिकामी किंवा निरभ्र डोंगरवाट यांची छायाचित्रे वेळेसह जपावीत. मूळ माहितीपत्रकाची प्रत आधीच उतरवून ठेवावी, कारण ते मागाहून बदलते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आयोगाकडची तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. तत्पूर्वी आयोजक बहुधा पुढच्या सहलीवर सवलतीचे कूपन देऊ करतो. त्यासोबतच्या मजकुरात ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे शब्द असतील, तर ते स्वीकारल्यावर दावा उरत नाही. लेखिकेला आलेल्या कूपनसोबत हे शब्द होते. कूपन परत पाठवण्यात आले.