बाळाची बुद्धी आणि आईचे ताट

"डॉक्टरसाहेब, डोकं तर देवाघरूनच येतं ना?" ऊसतोडीला निघालेल्या सुनेला तपासायला घेऊन आलेल्या सासूबाईंचा हा प्रश्न. सुनेला चौथा महिना होता, आणि दवाखान्याची पायरी ती पहिल्यांदाच चढत होती.

आईवडिलांकडून बाळाला जनुके मिळतात, हे खरे. पण सगळी जनुके एकदम काम करीत नाहीत. विहीर एकच असली तरी कोणत्या वाफ्याला पाणी जायचे, ते दारे धरणारा ठरवतो. शरीरातही तसेच आहे. जनुकावर मिथाइल नावाची रासायनिक खूण बसली, की बहुधा ते बंद होते. दुसरा राखणदार म्हणजे सूक्ष्म आरएनए. तो स्वतः प्रथिन बनवत नाही. जनुकाचा निरोप घेऊन निघालेल्या आरएनएला वाटेत अडवतो. याच्या शोधाबद्दल अँब्रोस व रव्हकन या शास्त्रज्ञांना २०२४ चे नोबेल मिळाले. गर्भातल्या पेशीने मेंदूची व्हायचे की कातडीची, हे अशा उघडझापीवर ठरते.

मिथाइलच्या खुणांसाठी फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांत ब-१२ कमी आढळले. ज्यांच्यात ते फार कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी स्मरणशक्ती व एकाग्रतेच्या चाचणीत मागे पडली. पुढे तिथल्याच तरुण मुलींना गर्भधारणेआधीपासून ब-१२ दिले, तेव्हा त्यांच्या बाळांची दोन वर्षांची असतानाची आकलन व भाषेची चाचणी सरस ठरली. मुले थोडी होती, तरी दिशा स्पष्ट आहे.

गर्भाच्या मेंदूची व मज्जारज्जूची नळी चौथ्या आठवड्यातच मिटते. तेव्हा पाळी चुकल्याचेही नीट कळलेले नसते. म्हणून मूल हवे असेल तर टोळी गावातून निघण्याआधीच प्राथमिक आरोग्य केंद्रातून फॉलिक आम्लाच्या गोळ्या घ्याव्यात व फडावर बरोबर ठेवाव्यात. पालेभाज्यांत फॉलिक आम्ल असते, पण ब-१२ नसते. त्यासाठी दूध, दही, अंडी, मासे, मटण हवे. ते मिळत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी.

सासूबाईंना मी म्हणालो, "काही देवाघरून येतं, काही तुमच्या चुलीवरून. मेंदू नऊही महिने वाढतो. अजून वेळ गेलेली नाही. घरातलं दूध आधी सुनेला द्या."