वनस्पतिजन्य विष निर्धोक असते काय ?

वनस्पतीपासून केलेले औषध निर्धोक असते, असा समज पुष्कळ शेतकरी बंधूंमध्ये आढळतो. तो बरोबर नाही. माव्यावर फवारल्या जाणाऱ्या तंबाखूच्या काढ्यातील निकोटीन हे कारखान्यात तयार होणाऱ्या मॅलेथिऑनपेक्षा माणसास कितीतरी अधिक विषारी असून ते कातडीतूनही अंगात भिनते. उलट, निंबोळीचा अर्क पुष्कळच सौम्य होय. सारांश, विषाची तीव्रता त्याच्या उगमावर नसून द्रव्याच्या गुणधर्मावर व मात्रेवर अवलंबून असते.

विकतच्या औषधाच्या डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी. पिवळा, निळा व हिरवा हे उतरत्या क्रमाने कमी विषारी. घरच्या काढ्यावर अशी खूण नसते. म्हणून तो हाताळतानाही हातमोजे घालावेत, त्याचे भांडे स्वयंपाकास वापरू नये आणि काम संपताच साबणाने स्नान करावे.