विधान आणि आधार : उतारा वाचण्याची एक रीत

भाषेच्या प्रश्नपत्रिकेत उतारा देऊन त्याखाली प्रश्न विचारण्याची प्रथा जुनी आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ मध्ये आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०१३ मध्ये पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत आकलन व तर्क यांना स्थान दिले, तेव्हा या प्रकाराला नवे महत्त्व आले. इतिहास, आरोग्य, शेती, अर्थशास्त्र अशा कोणत्याही विषयावरील दीडदोनशे शब्द उमेदवारापुढे ठेवावयाचे आणि त्यांतून काय निष्पन्न होते व काय होत नाही, हे त्याला विचारावयाचे, असे त्याचे स्वरूप. परंतु हा अभ्यास परीक्षेपुरता मर्यादित मानणे योग्य होणार नाही. ग्रामसभेपुढे येणारा अहवाल, बैठकीसाठी तयार केलेली टिपणी, पाठ्यपुस्तकातील एखादा परिच्छेद हेही उतारेच होत. त्यांच्या आधारे निर्णय घेतले जातात, आणि चुकीच्या निर्णयाची किंमत परीक्षेतील दोन गुणांपेक्षा पुष्कळ मोठी असते.

वाचकाची फसगत बहुधा खोट्या विधानामुळे होत नाही. प्रत्येक वाक्य खरे असते, शेवटचे वाक्य रास्त वाटते आणि वाचक मान डोलावतो. पुढील उतारा पाहावा :

‘सन १८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ उद्भवली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची ठिकाणे तपासली, तेव्हा बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाच्या आसपास झाल्याचे आढळले. त्यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला आणि साथ ओसरली. यावरून पटकी पाण्यातून पसरते हे सिद्ध झाले.’

निष्कर्ष बरोबर आहे, हे आज सर्वांना ठाऊक आहे. प्रश्न असा की, उताऱ्यात दिलेल्या आधारावरून तो निघतो काय? त्या काळी बहुसंख्य जाणकारांचे मत असे होते की, रोग दुर्गंधीयुक्त हवेतून पसरतो. मृत्यू एका जागेभोवती दाटले आहेत, एवढीच गोष्ट सांगितली तर ते म्हणाले असते, ‘अर्थातच, हवा तेथेच अधिक दूषित आहे.’ एकच वस्तुस्थिती दोन्ही मतांशी सारखीच जुळत असेल, तर ती त्या दोहोंमध्ये निवाडा करू शकत नाही. दांड्याची गोष्टही तशीच आहे. लोक तो भाग सोडून पळाले होते व दांडा निघण्यापूर्वीच साथ उतरणीस लागली होती. स्वतः स्नो यांनीही ही शंका प्रांजळपणे नोंदविली आहे. एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. आपल्याकडे कावळा बसण्याला आणि फांदी मोडण्याला एकच गाठ पडते, असे म्हणतात ते याच अर्थाने.

मग स्नो यांचे बळ कशात होते? नियमाला न जुळणाऱ्या ठिकाणांच्या तपासात. पंपाजवळच निराधारांचे एक आश्रयगृह होते. तेथे ५३५ माणसे राहत असूनही पटकीने केवळ ५ दगावली. त्या संस्थेची स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावर बीअरचा कारखाना होता. तेथील सत्तरांहून अधिक कामगारांना बीअर मिळे, पंपाचे पाणी ते पीत नसत. त्यांपैकी पटकीने कोणी मेला नाही. याउलट काही मैल दूर हॅम्पस्टेड येथे राहणाऱ्या एका विधवेला याच पंपाच्या पाण्याची गोडी होती व ती ते मुद्दाम आणवीत असे. ती मृत्यू पावली. हवा एकच असताना पाणी न पिणारे वाचले आणि हवा निराळी असताना पाणी पिणारी दगावली. येथे मात्र दूषित हवेच्या मतापाशी उत्तर उरत नाही. उताऱ्याने नेमका हाच भाग गाळला आहे. निष्कर्ष खरा असणे आणि दिलेल्या आधारावरून तो निघणे या भिन्न गोष्टी आहेत, हे एवढ्या एका उदाहरणावरून विद्यार्थ्यांना समजावता येते.

दुसरी अडचण शब्दांच्या व्याख्येची. ‘१९८१ मध्ये देशातील साक्षरतेचे प्रमाण ३६.२३ टक्के होते. १९९१ मध्ये ते ५२.२१ टक्के झाले. म्हणजे दहा वर्षांत सोळा टक्क्यांची वाढ झाली.’ दोन्ही आकडे जनगणनेचेच आहेत. परंतु पहिला आकडा पाळण्यातील मुलांसह सर्व लोकसंख्येवर काढलेला, तर दुसरा सात वर्षे व त्यांवरील लोकांचा. त्याच वयोगटासाठी १९८१ चे प्रमाण ४३.५७ टक्के येते. म्हणजे वाढ पावणेनऊ टक्क्यांहूनही थोडी कमी ठरते. शिवाय १९८१ मध्ये आसामात आणि १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरात जनगणना झाली नव्हती. टक्केवारी दिसली की ‘कशाची?’ असा प्रश्न आधी विचारावा.

आता घराजवळचा विषय. ‘२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२२ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये हे प्रमाण ९२९ झाले. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा राज्यात १९८८ मध्ये व देशात १९९४ मध्ये झाला. त्याचा सुपरिणाम यातून स्पष्ट होतो.’ असा परिच्छेद बैठकीत वाचला गेला तर टाळ्या पडतील. परंतु ९२९ या आकड्यात कोणाची गणना झाली, हे पाहिले पाहिजे. त्यात ऐंशी वर्षांची आजीही आहे आणि कालची बालिकाही. त्यांपैकी बहुसंख्य व्यक्ती कायद्याच्या कितीतरी आधी जन्मल्या. प्रौढ स्त्रियांचे आयुष्य वाढले किंवा कामासाठी पुरुष बाहेर गेले, तरी हा आकडा वर चढतो. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ मध्ये हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या; मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची आठवण ठेवली म्हणजे त्याचा उलगडा होतो.

कायद्याचा परिणाम पाहावयाचा तर शून्य ते सहा वर्षांच्या बालकांकडे वळले पाहिजे. या वयोगटात राज्यात दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ मध्ये हे प्रमाण ८०७ वर आले. एकूण आकडा चढत असताना ज्या आकड्यावर मुलींचे जन्मास येणे अवलंबून, तो उतरत होता. ज्या अधिकाऱ्याने केवळ पहिला परिच्छेद वाचून फाईल बंद केली असती, त्याच्या हातून सोनोग्राफी केंद्रांची तपासणी राहून गेली असती.

तथापि येथून उलट टोकाला जाणेही तर्कदुष्ट होय. ‘प्रमाण घटले, म्हणून कायदा निष्फळ ठरला’ हे विधानही या आकड्यांवरून निघत नाही. कायदा नसता तर प्रमाण आणखी किती घसरले असते, हे त्यांत कोठेच नाही. आकडे एवढेच सांगतात की, कायदा असूनही घसरण थांबली नव्हती.

पंचायत सदस्यांना याहून एक नाजूक प्रसंग येतो. गावात वर्षभरात चाळीस बालके जन्मली, त्यांत १८ मुली व २२ मुलगे, प्रमाण ८१८. निसर्गतः हे प्रमाण ९५० च्या जवळपास असते, तेव्हा गावावर बोट ठेवले जाते. पुढील वर्षी २० मुली व २० मुलगे झाले की प्रमाण एकदम १००० होते आणि सत्काराची तयारी सुरू होते. फरक किती, तर दोन बालकांचा! चाळीस जन्मांत एवढा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो. त्यावरून ना कोणाला दोषी धरता येते, ना कोणाची पाठ थोपटता येते. त्यातही जन्माची नोंद जेथे जन्म होतो तेथे केली जाते. पहिले बाळंतपण माहेरी, पुढचे तालुक्याच्या रुग्णालयात, असे असल्यास गावच्या नोंदवहीत गावचीच बालके अपुरी असतात व माहेरवाशिणींची मात्र आढळतात. म्हणून अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राखालील सर्व गावांची बेरीज पाहावी आणि अंगणवाडीच्या पटाशी ती ताडून घ्यावी. संशय खरा असेल तर तो या बेरजेतही टिकतो.

शिक्षकांना हा अभ्यास वर्गात सहज घेता येईल. उतारा फळ्यावर लिहावा, पण त्याचे शेवटचे वाक्य झाकून ठेवावे आणि प्रत्येकाने आपल्या मते योग्य ते शेवटचे वाक्य लिहावे. नंतर मोजलेले वा पाहिलेले सांगणारी वाक्ये एका रंगाच्या खडूने आणि कोणीतरी काढलेले अनुमान सांगणारी वाक्ये दुसऱ्या रंगाने अधोरेखित करावीत. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘साहजिकच’, ‘यावरून स्पष्ट होते’ हे शब्द जेथे येतात तेथे थांबावे, कारण एका रंगातून दुसऱ्यात उडी बहुधा तेथेच घेतलेली असते. ‘साहजिकच’ या शब्दाविषयी विशेष सावध राहावे. पुरावा अपुरा पडतो तेथे तो फार उपयोगी पडतो. परीक्षेच्या दृष्टीने एक भेद मात्र विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. ‘उताऱ्यावरून काय निष्पन्न होते?’ असा प्रश्न असेल तर स्वतःचे ज्ञान बाजूला ठेवावयाचे. ‘युक्तिवाद कशाने दुबळा होतो?’ असा प्रश्न असेल तर उताऱ्याबाहेरची शक्यता शोधावयाची. ब्रॉड स्ट्रीटच्या उताऱ्यावर हे दोन्ही प्रश्न घातल्यास पहिल्याच तासाला वर्गात दोन पक्ष पडतात, आणि आश्रयगृहाची विहीर शिक्षकाने तोपर्यंत सांगू नये.