तो राजीनामा पाठवू नकोस

अगं, काल फोन ठेवता ठेवता तू हळूच म्हणालीस, "ताई, राजीनामा लिहून ठेवलाय." मला रात्रभर झोप नाही. पाठवला नसशील तर पाठवू नकोस.

माझं किडनी ट्रान्सप्लांट झालं तेव्हा मी तेच केलं होतं. तीन महिने झाले होते, जखम भरली होती, क्रिएटिनिन छान होतं, तरी घाबरून नोकरी सोडली. मग दर महिन्याला केमिस्टच्या काउंटरवर हे पाकिटातल्या नोटा दोनदा मोजायचे आणि मी बाजूला उभी राहून बघायची. डायलिसिस सुटतं, आठवड्यातले बारा तास परत मिळतात. पण टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट या गोळ्या नवी किडनी चालतेय तोवर सुटत नाहीत. त्यासाठी पगार हवाच. पैसे कमी पडले म्हणून डोस चुकवणं किंवा स्वस्त मिळते म्हणून परस्पर टॅक्रोलिमसची कंपनी बदलणं, हे दोन्ही कधी करू नकोस. रक्तातलं प्रमाण हललं तर भोगते किडनी.

तुला कामाची धास्ती नाही, डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मची आहे, हे मी ओळखलंय. आपली नवी किडनी पाठीत नसते. ओटीपोटात एका बाजूला, कातडीपासून जवळच असते, बरगड्यांचा आडोसा तिला नाही. दारातल्या गर्दीत कुणाचं कोपर नाही तर डब्याच्या पिशवीचा कोपरा नेमका तिथेच लागतो. म्हणून पर्स पुढे, त्या बाजूला पोटावर धरायची. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल धर, नाहीतर उलटी कल्याणला जा आणि बसून ये. पास मात्र कल्याणपासूनचा काढ. वेळ जास्त जातो, जाऊ दे. मास्क नाकाच्या वर. संसर्गाची भीती सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात जास्त. आणि गोळ्या बारा-बारा तासांनी घ्यायच्या, त्यामुळे नऊची वेळ ठेवलीस तर सकाळची गोळी ऐन गर्दीत येईल. डॉक्टरांना विचारून सात-सात करून घे.

ऑफिसात अख्ख्या मजल्याला क्रिएटिनिन सांगत बसू नकोस. साहेब आणि एचआर, बस. डॉक्टरांकडून फिटनेस सर्टिफिकेट घे आणि त्यावरच लिहून मागून घे: जड उचलायचं नाही, सुरुवातीचे काही आठवडे उशिरा येण्याची किंवा घरून कामाची मुभा, तपासणीच्या दिवशी अर्धी रजा. मागायला लाजू नकोस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत किडनीचा आजार नाही, त्यामुळे सवलत आपणहून चालत येणार नाही.

पगाराच्या स्लिपवर ईएसआय कापतात का, तेही बघ. महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना ती योजना लागू असते. दोन वर्षं नोकरी आणि वर्गणी नीट भरलेली असेल, तर किडनी निकामी होण्यासारख्या दीर्घ आजारात रजेच्या काळात पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते, जास्तीत जास्त दोन वर्षं. राजीनामा टाकण्याआधी हे विचारायचं असतं. मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, म्हणून तुला सांगतेय.

सुषमा स्वराज यांचं ट्रान्सप्लांट डिसेंबर २०१६ मध्ये झालं आणि त्या २०१९ पर्यंत परराष्ट्रमंत्री होत्या. त्यांच्या दाराशी गाडी होती, मान्य. पण ऑपरेशन हेच.

आणि तुला किडनी देणाऱ्या आईकडे लक्ष आहे ना? तुझ्या तारखा सांभाळताना तिची वर्षाची तपासणी राहून जाते. तिचंही बीपी, तिचंही क्रिएटिनिन बघायचं असतं.

सोमवारी तुझी टॅक्रोलिमस लेव्हल आहे. रक्त देईपर्यंत सकाळची गोळी घ्यायची नाही, डबीत बरोबर ने. आणि राजीनामा फाडलास की मला लगेच फोन कर, कितीही वाजले असले तरी.