जठर काढल्यानंतरचा जोड

कर्करोगासाठी जठर अंशतः वा पूर्णतः काढल्यावर अन्नमार्ग कोणत्या पद्धतीने जोडला, हे घरच्यांना ठाऊक नसते आणि डहाणू-तलासरीकडच्या रुग्णांचे पुढचे हाल तिथूनच सुरू होतात. कारण शस्त्रक्रिया दूरच्या शहरात होते, नंतरची वर्षे मात्र पाड्यावरच काढायची असतात.

थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ मध्ये व्हिएन्नात उरलेले जठर थेट आद्यांत्राला, म्हणजे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाला, जोडले. या पद्धतीत अन्नाची वाट जवळजवळ पूर्वीचीच राहते व लोह शोषणारा भाग वापरात राहतो; मात्र दोन्ही टोके ताणाविना जुळतील एवढे जठर शिल्लक असावे लागते. त्यांच्या १८८५ च्या दुसऱ्या पद्धतीत आद्यांत्राचे तोंड बंद करून जठर पुढच्या आतड्याला जोडतात. तीत ताण टळतो, पण पित्त जठरात चढते. स्वित्झर्लंडचे सेझार रू यांच्या 'वाय' आकाराच्या जोडात पित्त अन्नाला सुमारे ४० ते ६० सेंटिमीटर खाली मिळते. संपूर्ण जठर काढल्यावर बहुधा हाच जोड करतात आणि ते योग्यच आहे, कारण अन्ननलिकेत चढणारे पित्त माणसाला धड जेवू देत नाही की झोपू देत नाही.

जोड कोणताही असो, गोड पदार्थ आतड्यात एकदम उतरला की अर्ध्या तासात घाम, धडधड व जुलाब होऊ शकतात. म्हणून घोलवडचा चिकूही फोडीफोडीनेच खावा.

खरा धोका उशिरा येतो. बी-१२ जीवनसत्त्व शोषण्यासाठी लागणारे प्रथिन जठरातच तयार होत असल्याने, संपूर्ण जठर काढलेल्याला बी-१२ आयुष्यभर, सहसा इंजेक्शनने, द्यावे लागते. परंतु यकृतातला साठा काही वर्षे पुरतो आणि तो संपेपर्यंत शस्त्रक्रिया विस्मरणात गेलेली असते. या पट्ट्यातील आदिवासी समाजांत सिकलसेल आढळत असल्याने बी-१२ च्या अभावाने झालेल्या रक्तक्षयाचे खापर त्यावर फोडले जाण्याचा संभव असतो, व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू होतात. त्यांनी रक्त वाढलेले दिसते, पण बी-१२ अभावी नसांची हानी चालूच राहते: पायांना मुंग्या येतात आणि भातखाचराच्या बांधावर, विशेषतः अंधारात, तोल जातो. म्हणून किती जठर काढले, जोड कोणता व पुढचे इंजेक्शन केव्हा, हे डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहून घ्यावे आणि ते कार्ड रेशनकार्डाबरोबर जपून, ताप-खोकल्यासाठी आरोग्य केंद्रात जातानाही, डॉक्टरांपुढे ठेवावे.