तोंड येते तेव्हा

तोंड आले की आमटीचा थेंबही झोंबतो व जेवणावरील वासनाच उडते. ओठांच्या किंवा गालांच्या आतील नाजूक त्वचेवर पडलेला हा लहानसा व्रण मध्ये पिवळसर आणि कडेने लाल असतो. दात लागणे, जागरण, चिंता, तसेच लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व यांची उणीव ही त्याची कारणे होत. तो बहुधा ७ ते १४ दिवसांत आपोआप भरून येतो. तोवर कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्या, तिखट व आंबट वर्ज्य करावे, मऊ दूधभात खावा. पालेभाज्या व कडधान्ये नित्य आहारात असावीत.

परंतु आम्ही सुरतेत राहतो, आणि येथे सुपारी, तंबाखू व चुना यांचा मावा चघळणारे पदोपदी दिसतात. तंबाखू तर घातक आहेच. नुसती सुपारीदेखील कर्करोगास कारण होते. अशा कर्करोगाचा व्रण आरंभी पुष्कळदा दुखतच नाही! म्हणून वेदना नव्हे, दिवस मोजावे. ३ आठवड्यांत न भरलेला व्रण डॉक्टरांस दाखवावा. घरातील वडीलधाऱ्यांना हे नम्रपणे सांगण्याचे धैर्य आपण सर्वांनी दाखविले पाहिजे.