कथानक कसे वाचावे? : ‘स्मशानातील सोनं’ या कथेच्या आधारे

मराठीच्या उत्तरपत्रिकेत कथेवर प्रश्न आला की विद्यार्थी बहुधा दोन गोष्टी लिहितात : आधी सारांश, मग तात्पर्य. या दोहोंच्या मध्ये कथेची रचना असते आणि नेमकी तीच वाचावयाची राहून जाते. रचनेकडे दुर्लक्ष करून काढलेले तात्पर्य कथेवर, आणि कथेतील माणसावरही, अन्याय करते. हे स्पष्ट करण्यासाठी आम्ही अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा निवडली आहे. आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांना ती परिचित असेल. पालकांनाही ती मुलांसमवेत वाचता येईल.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे झाला. शाळेचे शिक्षण त्यांना जवळजवळ लाभलेच नाही. मुंबईत अंगमेहनतीची कामे करीत ते लिहिते झाले. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखणीस अर्पण केली आहे.

प्रथम घटना आणि कथानक यांतील भेद पाहू. ‘खाडीला भरती आली. वस्तीत पाणी शिरले.’ या दोन सुट्या घटना झाल्या. ‘मुसळधार पाऊस चालू असतानाच खाडीला भरती आली, नाल्याचे पाणी बाहेर पडू शकले नाही, म्हणून वस्तीत पाणी शिरले,’ असे म्हटले की घटना कार्यकारणाने बांधल्या जातात. ही बांधणी म्हणजे कथानक. जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग याने १८६३ मध्ये नाट्यरचनेचे पाच टप्पे मांडले. कथेच्या अभ्यासातही ते उपयोगी पडतात : प्रारंभ, वाढती गुंतागुंत, उत्कर्षबिंदू, उतार आणि शेवट.

आता प्रस्तुत कथेतील घटना काळाच्या क्रमाने लावू. वारणाकाठचा धिप्पाड भीमा कामाच्या शोधात मुंबईस येतो. उपनगरातील दगडखाणीत त्याला काम मिळते. खाण बंद पडते आणि घरात उपासमारीची भीती उभी राहते. स्मशानातील राखेत त्याला सोने सापडते. मग राख चाळणे आणि पुढे पुरलेली प्रेते उकरणे हाच त्याचा पोटाचा मार्ग होतो. एका रात्री तो श्रीमंत माणसाचे प्रेत उकरण्यास जातो. तेथे कोल्ह्यांशी त्याची झुंज होते. सोन्यासाठी प्रेताच्या तोंडात घातलेली बोटे जबड्यात अडकतात. हा उत्कर्षबिंदू. पुढे त्याची दोन बोटे कापावी लागतात आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते.

मात्र लेखकाने हा क्रम जसाच्या तसा ठेवलेला नाही. कथेच्या आरंभीच धनिकाच्या मृत्यूची बातमी ऐकून आनंदलेला भीमा आपल्याला भेटतो. वाचक मनातल्या मनात त्याला दोषी ठरवितो. त्यानंतर लेखक मागे जाऊन खाण बंद पडल्याची हकिकत सांगतो आणि वाचकाला आपला निवाडा पुन्हा तपासावा लागतो. क्रम बदलल्यामुळे हे घडते.

कथेचे इतर घटकही याच सूत्रात गुंफलेले आहेत. स्थळ आहे जंगलालगतची वस्ती व दगडाची खाण. पारसिकच्या डोंगराशेजारी राहणाऱ्या कळवेकरांना असे स्थळ डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. पात्रचित्रणात भीमाची शक्ती ठळक केली आहे, कारण एवढ्या शक्तीच्या माणसालाही काम नाही, हीच शोकांतिका आहे. संघर्ष तिहेरी आहे : भुकेशी, कोल्ह्यांशी आणि पत्नीला न पटणारे हे काम चालू ठेवताना घरातल्या मायेशी. बोटे हे श्रमाचे प्रतीक ठरते. ज्या हातांनी पहाड फोडायचा, ते हातच अधू होतात.

आता तात्पर्याकडे येऊ. ‘लोभ वाईट’ असे उत्तर अनेकदा लिहिले जाते. भीमाला सोन्याची चटक लागते, हे खरे. लेखकाने ते लपविलेले नाही. तथापि हे तात्पर्य खरे मानले, तर अखेरीस खाण सुरू होण्याची घटना निरर्थक ठरते. लोभाची शिक्षा बोटे गमावण्यातच पूर्ण झाली होती. लेखकाने त्यापुढे ही वार्ता आणली आणि भीमाला लहान मुलासारखे रडविले. त्यामुळे आपली दृष्टी भीमाच्या हावेवरून त्याचे काम काढून घेणाऱ्या परिस्थितीकडे वळते. खाण एक दिवस आधी सुरू झाली असती तर? हा प्रश्न मनात उभा करणारी रचना हाच या कथेचा आशय होय.

आपल्या समाजातील कित्येक घरांनी काम सुटल्यानंतरचे दिवस पाहिले आहेत. अशा घरातील मुलाने भीमाविषयी केवळ ‘लोभी’ हा एक शब्द लिहून पुढे जाऊ नये, अशी आमची तळमळ आहे. म्हणून पालकांना विनंती की, मुलाने कोणतीही कथा वाचली की त्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत. ही घटना कशामुळे घडली? लेखकाने ती येथेच का सांगितली? शेवटची घटना वगळली, तर कथेचा अर्थ काय उरेल? उत्तरे वहीत लिहून घ्यावीत आणि तात्पर्य सर्वांत शेवटी लिहू द्यावे.